स्टेशन किती मिनिटांत रिकामं होतं?

माझ्या रोजच्या स्टेशनावर गाडीच्या चौथ्या डब्याचं मधलं दार बरोबर जिन्यासमोर येऊन थांबतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, वर्षभर ये-जा केली की पायांनाच कळतं. त्या दारातून उतरलेला माणूस दोन मिनिटांत रस्त्यावर असतो. शेवटच्या डब्यातून उतरलात तर जिन्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पुढची गाडी आलेली असते. एकदा ऑफिसला तसाही उशीर झालाच होता, म्हणून पाण्याच्या नळापाशी बाजूला उभा राहून घड्याळ लावलं. फलाट मोकळा व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. साडेचार मिनिटं झाली तरी जिन्याच्या तोंडाशी गर्दी होतीच, आणि मागून दुसरी गाडी लागली. पहिल्या गाडीची माणसं कुठे संपली आणि दुसरीची कुठून सुरू झाली हे मग सांगता येईना. मोबाइल खिशात टाकला आणि लोंढ्यात शिरलो.

रेल्वे स्टेशनाचं आर्किटेक्चर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात कमानी, घुमट, काचेचं छत. पेपरात नव्या स्टेशनांची संकल्पचित्रं छापून येतात, त्यातही तेच असतं. शिवाय त्या चित्रांत फलाटावर फार तर अकरा माणसं असतात, आणि त्यातल्या एकाच्या हातात फुगा. पण स्टेशनाचा आराखडा करणाऱ्याची खरी परीक्षा छतात नसून जिन्यात असते.

कारण साधं आहे. गाडीत चढायला येणारी माणसं थेंबाथेंबानं येतात. कुणी दहा मिनिटं आधी येतो, कुणी धावतपळत. उतरणारी माणसं मात्र एकदम येतात, धरणाचं दार उघडल्यासारखी. वीस सेकंदांत हजार-दीड हजार माणसं फलाटावर सांडतात आणि सगळ्यांना एकाच क्षणी एकाच दिशेला जायचं असतं. म्हणून फलाटाची रुंदी, जिन्यांची संख्या, पुलाची जागा, बाहेरचं अंगण या सगळ्याचं माप ठरवायचं ते उतरणाऱ्यांकडे बघून.

गणित करून बघू. मेट्रोसारख्या स्थानकांसाठी अमेरिकेत ‘एनएफपीए १३०’ नावाचं अग्निसुरक्षा मानक आहे. आपल्याकडच्या मेट्रोंचे आराखडेही त्याच्याच आधारे तपासले जातात. त्यात धरलेला हिशोब असा, की एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साधारण ५५ माणसं वर जाऊ शकतात. समजा आपल्या लोकलच्या फलाटावर तीन मीटर रुंद जिना आहे. म्हणजे मिनिटाला १६५ माणसं. गाडीतून १५०० उतरली तर शेवटचा माणूस जिना चढून जायला नऊ मिनिटं लागणार, आणि गर्दीच्या वेळी दुसरी गाडी तीन-चार मिनिटांत दारात. त्यातच वरून उतरणारे पाच-पन्नास जण कठड्याला धरून खाली येत असतात. त्यांनी पाऊण मीटर जरी अडवला तरी नवाची बारा मिनिटं होतात. हे गणित पाठीशी असेल तर रोजची चेंगराचेंगरी ‘लोकांना शिस्त नाही’ या एका वाक्यात उडवून लावता येत नाही. शिस्तीत उभे राहिलेले १५०० लोकसुद्धा त्या जिन्यावरून नऊ मिनिटांच्या आत जात नाहीत.

मग जिने वाढवा की, असं कुणीही म्हणेल. इथे फलाट आडवा येतो. आठ मीटर रुंद फलाटाच्या मधोमध तीन मीटरचा जिना उतरवला की दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच मीटर उरतात. जिन्याच्या भिंतीला पाठ लावून, समोरून जाणाऱ्या फास्ट गाडीचा वारा तोंडावर घेत आपण उभे राहतो ना, ती ही जागा. आणखी एक जिना म्हणजे अशी आणखी एक चिंचोळी खिंड. फलाट रुंद करायचा तर रूळ सरकवावे लागतात, आणि रुळांच्या पलीकडे इमारती उभ्या असतात. जुन्या स्टेशनाची सुधारणा इतकी रखडते त्याचं एक मोठं कारण हे आहे. पैसे मंजूर झाले तरी जागा मंजूर करून घेता येत नाही.

सरकता जिना लावला की प्रश्न सुटतो, हा समज थोडा खरा आहे. एक मीटर रुंद पायरीचा, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालणारा सरकता जिना तासाला सुमारे ६००० माणसं नेतो, म्हणजे मिनिटाला शंभरेक. साध्या जिन्याच्या एका मीटरपेक्षा जवळपास दुप्पट. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ मध्ये एक प्रयोग झाला. उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी सोडायची, ही तिथली जुनी रीत. ती मोडून दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगितलं. उंच जिन्यावर चालत चढणारे थोडेच असतात, त्यामुळे ती अर्धी बाजू एरवी रिकामीच जाते. प्रयोगात त्याच जिन्यावरून जास्त माणसं वर गेली. घाईतले लोक मात्र कमालीचे वैतागले. सरकत्या जिन्याची खरी गोम वेगळीच आहे. तो अधूनमधून बंद पडतो. म्हणून त्या मानकात हिशोब करतानाच एक सरकता जिना बंद आहे असं धरायला सांगितलंय. माणसाच्या आळसापेक्षा यंत्राच्या आळसावर जास्त भरवसा ठेवणारा हा नियम मला फार आवडतो.

आता जिना जिथे संपतो त्या तोंडाकडे येऊ. कारण सगळ्यात धोकादायक जागा तीच असते.

जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ मध्ये पादचाऱ्यांच्या गर्दीचं मोजमाप पहिल्यांदा नीट मांडलं. त्याने वरून पाहिलेला माणूस एक लंबवर्तुळ मानला, सुमारे ४६ सेंटिमीटर जाडीचा आणि ६१ सेंटिमीटर रुंदीचा. मग एका चौरस मीटरमध्ये अशी किती लंबवर्तुळं असली की लोक मोकळे चालतात, कधी खांद्याला खांदा लागतो आणि कधी पाय उचलणंच अशक्य होतं, याच्या पायऱ्या लावल्या. चौरस मीटरमागे सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती पाण्यासारखी वागायला लागते. एका टोकाला दिलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो आणि मधल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. लोकलच्या डब्यात चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसं असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. पण डब्यात माणूस उभा असतो, पकडायला दांडी असते, पायऱ्या नसतात. जिन्यावर याच्या निम्म्या गर्दीतही जीव जातात.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलावर नेमकं हेच झालं. सकाळची वेळ, अचानक आलेला जोराचा पाऊस. पुलावरून उतरणारे लोक जिन्याच्या तोंडाशी पाऊस थांबायची वाट बघत थबकले. मागे एकापाठोपाठ गाड्या लागत होत्या आणि पुलावर माणसं वाढतच होती. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. पुलाची रुंदी कमी होती हे तर खरंच. पण मला त्यातून दिसतं ते असं, की जिना संपतो तिथे कोरडं, छप्पर असलेलं, थांबता येईल असं अंगण नव्हतं. बाहेर पडणाऱ्याला पावसात उतरायचं नव्हतं आणि आत थांबायला जागा नव्हती. नव्या स्टेशनांच्या पुढे ती भलीमोठी छतं असतात, ती बऱ्याचदा दिमाखासाठी असतात हे मान्य. पण आपल्याकडे जूनपासून चार महिने तेच छत जिन्याचं तोंड मोकळं ठेवतं.

या नजरेने बघितलं की आपली जुनी स्टेशनं वेगळीच दिसायला लागतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेलं आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पुरं झालं. त्याचा घुमट, दगडातले मोर आणि माकडं, सगळं जगप्रसिद्ध आहे. मला त्यातली सगळ्यात मोठी सोय वाटते ती कुणी पोस्टकार्डावर छापत नाही. तिथे गाडीतून उतरलं की जिना नाही. रूळ संपतात, फलाट पुढे चालत राहतो आणि तुम्ही सपाटीवरून सरळ दाराशी पोचता. चर्चगेटचंही तेच. उपनगरी गाड्यांचे फक्त चार फलाट, पण माणसं ज्या वेगाने बाहेर ओतली जातात ते बघण्यासारखं असतं. अर्थात याचीही किंमत आहेच. सगळ्यांना गाडीच्या पुढच्या टोकाला जायचं असतं म्हणून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीचे पुढचे डबे खचाखच आणि मागचे त्या मानाने मोकळे. डब्यातली गर्दीसुद्धा स्टेशनाच्या नकाशावरून ठरते ती अशी.

रेल्वेवाल्यांना मात्र टर्मिनस परवडत नाही. आलेल्या गाडीला आल्या वाटेने परत जायचं असतं. तोवर ती फलाट अडवते आणि निघताना येणाऱ्या गाड्यांची वाट कापते. म्हणून जर्मनीत श्टुटगार्टला १७ रुळांचं जुनं टर्मिनस बाजूला ठेवून त्याच्याशी काटकोनात, जमिनीखाली आरपार जाणारं ८ रुळांचं स्टेशन बांधायला घेतलं. आठ आरपार रूळ सतरा बंद रुळांचं काम करतील, असा हिशोब. काम २०१० मध्ये सुरू झालं आणि नंतर खर्च आणि मुदत दोन्ही वाढत गेली. त्यावरून शहरात मोठी आंदोलनं झाली. गाड्यांची सोय आणि माणसांची सोय उलट दिशांना ओढतात. मधली वाट काढायची म्हणजे पुन्हा जिनेच मोजायचे.

कारण आरपार स्टेशनात रूळ ओलांडल्याशिवाय सुटका नाही. वरून जा नाहीतर खालून. आपल्याकडे सवयीने वरून जातात, पण विजेची तार डोक्यावर असल्यामुळे पुलाला रुळापासून सव्वासहा मीटर तरी वर उचलावं लागतं. फलाटाची उंची वजा केली तरी जवळपास ४० पायऱ्या होतात. खालून गेलं तर माणसाचं डोकं लागू नये एवढीच उंची लागते, तीसेक पायऱ्यांत काम होतं. शिवाय उतरलेल्या माणसाची सुरुवात चढाने होत नाही, उताराने होते, आणि थकलेल्या गर्दीच्या बाबतीत हा फरक लहान नाही. सिडकोने नवी मुंबईची स्टेशनं बांधली तेव्हा हे शक्य झालं, कारण शहर आणि स्टेशन बरोबरच आखलं जात होतं. खाडीपलीकडे वाशीला लोकल १९९२ मध्ये पोचली. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा, ३३ टक्के रेल्वेचा. वाशीला, बेलापूरला रुळांखालून रुंद सबवे, पुढे मोकळी जागा, वर कार्यालयांचे मजले. ठाण्या-कल्याणच्या माणसाला ती स्टेशनं पहिल्यांदा बघून ओसाड वाटायची. एवढी जागा कशाला, असं माझ्या मामांनीही विचारलं होतं. आज संध्याकाळी सात वाजता तिथे उभं राहिलं की कशाला ते कळतं.

सबवेचा शत्रू एकच, पाणी. मुंबईत जमिनीखाली काहीही बांधायचं म्हणजे पहिला करार पावसाशी करावा लागतो. भुयारी मेट्रोच्या दारात कधी नीट बघा. खाली उतरायच्या आधी दोन-चार पायऱ्या वर चढाव्या लागतात. पहिल्यांदा ते विचित्र वाटतं, खाली जायचंय आणि वर का नेताय? तो उंबरठा आहे, रस्त्यावर तुंबलेलं पाणी आत येऊ नये म्हणून. हा उंबरठा पुरा झालेला नसेल तर काय होतं तेही आपण पाहिलं. २६ मे २०२५ ला, मेट्रो ३ चा आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा सुरू होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. तिथल्या एका प्रवेशमार्गाचं काम अजून चालू होतं. पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि चिखलपाणी थेट स्थानकात उतरलं.

ही मेट्रो ३ म्हणजे या सगळ्या विद्येचा आपल्या दाराशी आलेला नमुना. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. बहुतेक स्थानकं वरून खड्डा खणून बांधली. आधी दोन्ही बाजूंना जमिनीत काँक्रीटच्या खांबांची रांग उतरवायची, मग मधली माती आणि खडक काढायचा, आत मजले भरायचे आणि वरून रस्ता परत झाकायचा. गिरगाव-काळबादेवीसारख्या दाटीत एवढा रस्ता उघडायला जागाच नव्हती, तिथे फलाटाची पोकळी आतूनच बोगद्यासारखी खोदावी लागली. म्हणजे एखाद्या चाळीखाली, चाळीला न उठवता, दिवाणखाना कोरायचा.

जमिनीखाली गेलं की घड्याळ आणखी कडक होतं. मगाशी सांगितलेल्या मानकाप्रमाणे आग लागली तर फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि सगळ्यात लांबचा माणूस ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचला पाहिजे. म्हणून तिथले जिने रोजच्या गर्दीला रुंद वाटतात. ते सोमवार सकाळसाठी नाहीत, कधीच येऊ नये अशा एका दिवसासाठी आहेत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ माणसं गेली. तिरपा जिना धुराड्यासारखा झाला, ज्वाळा पायऱ्यांना चिकटून वर सरकल्या आणि वरच्या तिकीट दालनात एकदम फुटल्या. भुयारी स्थानकात आज पंख्यांची आणि धूर ओढणाऱ्या झरोक्यांची एवढी यंत्रणा असते, आणि लाकूड औषधालाही नसतं, त्यामागे अशा आगींचे धडे आहेत.

फलाटाच्या कडेची काचेची दारं माणूस रुळांवर पडू नये म्हणून असतात, आणि एसीची गार हवा बोगद्यात जाऊ नये म्हणूनही. पण त्यांनी नकळत आणखी एक काम केलं. गाडीचं दार कुठे येणार हे पक्कं झालं. लोक बाणांच्या मागे रांग लावायला लागले. तीच मुंबईकर मंडळी, लोकलमध्ये उडी मारून चढणारी. मग शिस्त माणसात होती की दारात, हा प्रश्न मला तिथे उभा असताना दर वेळी पडतो.

छताबद्दल अगदीच बोललो नाही तर कुणी आर्किटेक्ट मित्र रागावेल. वाफेच्या इंजिनांच्या काळी छत उंच लागे ते धुरासाठी. लंडनच्या सेंट पँक्रसचं १८६८ चं छत मधे एकही खांब न घेता सुमारे ७३ मीटर पसरलंय. खालच्या तळघरात बर्टनहून येणारी बिअरची पिंपं ठेवायची होती, म्हणून तिथल्या खांबांमधलं अंतर चक्क पिंपांच्या मापाने ठरवलं. आज त्याच तळघरात परदेशी गाड्यांचे प्रवासी बसतात. धूर गेला, छत राहिलं, आणि त्याला दुसरं काम मिळालं, उजेड खाली आणण्याचं. बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ मध्ये उघडलं. तिथे एक रेल्वेमार्ग रस्त्यापेक्षा १० मीटर वर आणि दुसरा त्याला छेदत १५ मीटर खाली जातो. मधल्या मजल्यांना भोकं ठेवलीत, त्यामुळे सगळ्यात खालच्या फलाटावर उभं राहूनही वर उजेड दिसतो. उजेड दिसला की पाटी न वाचता पाय तिकडे वळतात. खालच्या फलाटांवर कमानदार छताऐवजी स्वस्त सपाट छत घातलं म्हणून त्याचा वास्तुविशारद माइनहार्ड फॉन गेरकान रेल्वेविरुद्ध कोर्टात गेला आणि २००६ मध्ये निकालही त्याच्या बाजूने लागला. पुढे तडजोड झाली, छत सपाटच राहिलं.

आपल्याकडे सध्या स्टेशनं विमानतळासारखी करायची टूम आहे. त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे, येणारे आणि जाणारे यांच्या वाटा वेगळ्या करणं. भोपाळचं राणी कमलापती स्टेशन २०२१ मध्ये नव्या रूपात उघडलं. तिथे जाणारे वरच्या दालनात थांबतात आणि उतरलेले खालच्या सबवेने बाहेर पडतात. थेंब वरून, लोंढा खालून. पण विमानतळावर माणूस दोन तास आधी जातो, तिथे दुकानं चालतात. साडेआठच्या लोकलला माणूस आठ एकोणतीसला येतो. त्याच्या वाटेत कॉफीचं दुकान उभं करणं म्हणजे जिन्याची रुंदी भाड्याने देणं.

आणि पायाखालच्या पिवळ्या फरशा. गोल ठिपके म्हणजे थांबा, लांब पट्ट्या म्हणजे चला. जपानच्या सेइची मियाके यांनी अंध व्यक्तींसाठी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ ला ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आता त्या आपल्याकडेही फलाटभर दिसतात. एका स्टेशनात ती पिवळी वाट चालत चालत थेट एका खांबात जाऊन संपलेली मी पाहिलीय. फरशी बसवणाऱ्याने नकाशा पाळला होता आणि खांब बांधणाऱ्यानेही. दोघांचे नकाशे वेगळे होते, एवढंच.

माझ्या स्टेशनावर गेल्या पावसाळ्याआधी कल्याणच्या टोकाला नवा पूल झाला. जिना रुंद आहे, वर पत्रे आहेत, पायथ्याशी थोडं अंगणही सोडलंय. पहिले पंधरा दिवस तो रिकामाच होता, पाय जुन्याच जिन्याकडे वळायचे. मग हळूहळू मागच्या डब्यांतली गर्दी वाढायला लागली. परवा चौथ्या डब्यात चढलो तर मधल्या दारात चक्क उभं राहायला जागा मिळाली. नेहमीचे तिघे-चौघे दिसले नाहीत. ते आता दहाव्यात असतात म्हणे.